बारा हंड्यांचा कातळ

करंजकोंडच्या झऱ्याखाली काळा कातळ आहे आणि त्यात बारा वाटोळे खळगे आहेत. शेजारी पाटी लावलेली आहे : ‘देवीची पावले’. पाहुण्यांना घेऊन आलेली ठकूमावशी त्या पाटीकडे पाठ करूनच सांगायला लागते.

“पावलं असती तर बोटं नसती उमटली? हंडे टेकवलेत इथं. बायांनी.”

असे सांगतात, की येसू नावाची सून या गावात आली. तीन वर्षांत मूल झाले नाही म्हणून नवऱ्याने दुसरी आणली आणि हिला बाहेर काढले. माहेरी गेली, तर बापाने दारातूनच परत पाठवले. ती या झऱ्यापाशी येऊन बसली. पंच जमले. बेवारशी गुराबद्दल विचारावे तसे त्यांनी विचारले, “ही कुणाची?”

नवरा म्हणाला, “माझी नाही.” बापाचा निरोप होता, “आमची नाही.” मग पंचांनी ठरवले, जी कुणाचीच नाही तिला शिवेपलीकडच्या रानात सोडायचे. त्या रानात तेव्हा वाघ होता.

पाण्याला अकरा बाया आल्या होत्या. येसूची जाऊ भागू पुढे झाली. भरलेला हंडा कातळावर टेकवून म्हणाली, “आमची.”

पंच हसले. “तुमची? अगं, तुम्हीच आमच्या!”

भागू खाली बसली. मागोमाग बाकीच्या दहाजणी आपापले हंडे टेकवून बसल्या. प्रत्येकीने लुगड्याची पट्टी फाडली, सगळ्या पट्ट्यांची एक चुंबळ वळून येसूच्या डोक्यावर ठेवली आणि तिच्यापुढे बारावा हंडा मांडला. तीन दिवस गावात पाणी गेले नाही. पुरुषांनी का नेले नाही, असे पाहुणे हटकून विचारतात. “डोक्यावर हंडा घेतला की मिशी खाली येते,” मावशी म्हणते. हसत मात्र नाही.

चौथ्या दिवशी कोरड्या तोंडाने पंच आले. “राहू दे तिला. पण कुणाची म्हणून?”

“आमची म्हणून,” अकराजणी म्हणाल्या. हंडे उचलले तेव्हा खाली कातळ खचलेला होता. पाण्याच्या भाराने नव्हे, म्हणे, रागाच्या.

तेव्हापासून झऱ्यावर पहिल्यांदा येणाऱ्या बाईला सगळ्याजणी विचारतात, “कुणाची गं तू?” शहरात शिकून गावी परतले आणि पहिल्यांदा झऱ्यावर गेले तेव्हा मलाही विचारले. मी वडिलांचे नाव सांगितले, तोंडावर पाण्याचा हबका बसला. ताठ मानेने म्हणाले, “माझी मी!” तर अख्खी कळशी अंगावर रिकामी झाली. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा मी नुसती तोंड पुसत राहिले. तेव्हा सगळ्या एका आवाजात ओरडल्या, “आमची!” आणि चिंध्यांची ओली चुंबळ माझ्या डोक्यावर आली. मी तिथेच रडले.

आता घरोघरी नळ आहे. पण आजही पारावरून अनोळखी बाई गेली की कुणीतरी विचारतोच, “ही कुणाची?” म्हणून आजही या कातळावर हंडे येऊन टेकतात.