भोऱ्याच्या टकरी

माळावर कुंपणं घातली गेली नव्हती, त्या काळी तिथे भोऱ्या नावाचा एडका राहायचा. टकरीत तो कधी हरला नव्हता. त्याच्या डोक्यात मेंदूच्या इवल्या पेशी होत्या. धक्का बसला की त्या ताणल्या जात, एकमेकींना घट्ट धरत आणि धक्का ओसरला की सैल होऊन पुन्हा निरोप पोचवू लागत.

एके दिवशी एक म्हातारी पेशी म्हणाली, “भोऱ्या, थांब रे जरा. आम्हाला सैल व्हायला चार दिवस तरी दे.”

“मला तर काहीच दुखत नाही,” भोऱ्या म्हणाला. “आणि उद्या तांबड्या एडक्याशी टक्कर आहे.”

“आम्हाला दुखणं कळतच नाही बाबा. आम्हाला फक्त धक्के कळतात.”

भोऱ्या ती टक्कर जिंकला. पुढच्या सातही जिंकला. पण पेशींनी धरलेले हात आता सुटेनात. त्यांच्या राठ गाठी झाल्या आणि निरोप वाटेतच अडकू लागले. भोऱ्या पाणवठ्याची वाट विसरला.

त्याची आई काजळी त्याला शोधत आली. “चल, पाणी पिऊ,” ती म्हणाली.

भोऱ्याने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग चार पावलं मागे सरून त्याने मान खाली घातली आणि शिंगं तिच्यावर रोखली.

“अरे, मी आहे,” काजळी म्हणाली. ती जागची हलली नाही.