राखणीची मैना

एका गावात निरोप पोपटांच्या तोंडून यायचे. माणसानं पोपटाच्या कानाशी बोलायचं. पोपट उडत जायचा आणि ज्याचा निरोप असेल त्याच्या खिडकीत बसून, बोलणाऱ्याच्याच आवाजात, सगळं घडाघडा म्हणून दाखवायचा. त्याला मूठभर डाळ दिली की काम झालं. सोय फार चांगली होती, आणि चांगल्या सोयीचा उकिरडा करणारे कुठल्याही गावात असतातच.

बाजारातल्या व्यापाऱ्यांच्या लक्षात आलं की डाळ स्वस्त आहे आणि खिडक्या पुष्कळ आहेत. मग पहाट झाली की प्रत्येक घराच्या कठड्यावर पोपटांची रांग लागू लागली.

"टकलावर केस उगवणारं तेल! उशीर करू नका!"

"रेशमी पागोटं, फक्त तुमच्यासाठी!"

"परमुलखात तुमचे चुलते वारले. सोन्याचे हंडे ठेवून गेलेत. ओळख म्हणून हातातली अंगठी पाठवा, हंडे लगेच येतील!"

गावातल्या एका म्हाताऱ्या सुतारानं खरंच अंगठी पाठवली. हंडे अजून यायचेत. लोक तक्रार घेऊन पंचांकडे गेले. पंच म्हणाले, "आमच्याही खिडकीत येतात हो," आणि पान लावत बसले.

याच गावात एक कोष्टी आणि कोष्टीण राहायचे. त्यांची एकुलती लेक डोंगरापलीकडे दिलेली होती आणि आता ती पहिलटकरीण होती. पहिलं बाळंतपण माहेरी, अशी त्या मुलखाची रीत. पण न्यायला कधी यायचं ते सासरच्यांना विचारून लेकीनं कळवायचं, त्याआधी जाणं म्हणजे त्यांचा अपमान. माहेरचं माणूस दारात आल्याशिवाय लेकीनं उंबरा ओलांडायचा नाही. आणि एकदा बोलावणं धाडलं की पुन्हा धाडायचं नाही. दुसऱ्यांदा बोलावणं धाडणाऱ्या सुनेला सासरी हसायचे.

कोष्टीणीनं डिंकाचे लाडू वळून ठेवले होते. खिडकीत पंख वाजले की ती मागावरून उठून धावायची. बघते तर केसांचं तेल. पुन्हा बसायची. पुन्हा पंख. पुन्हा सोन्याचे हंडे. लुगड्याचा काठ वाकडा जाऊ लागला.

"बास झालं," ती एके दिवशी मागावरचा धोटा आपटून म्हणाली. "खिडकीला राखण आणायची."

दोघं पाखरवाल्याकडे गेली. त्याच्याकडे राखणीला ठेवायची पाखरं होती. आधी त्यानं कावळा दाखवला.

"हा कुणालाच हाकलत नाही. ओळखीच्यांना खिडकीत सोडतो, बाकीच्यांना मागच्या झाडावर बसवतो. दिवस मावळायच्या आत तुम्ही झाडाखाली जायचं, एकदा ऐकून घ्यायचं, की ते उडून जातात."

"म्हणजे कचरा ऐकायचा तो ऐकायचाच?" कोष्टीणीनं विचारलं.

"थोडा."

"मला थोडासुद्धा नको. डोकं उठलंय माझं!"

"मग वहिनी, मैना घ्या. काय हाकलायचं ते तिला एकदा शिकवा, पुन्हा खिडकीकडे बघायचं काम नाही. आणि कावळ्याचं मोल पडतं, मैना फुकट."

"फुकट देता, मग तुम्ही खाता काय?" कोष्टी म्हणाला.

पाखरवाला नुसता हसला. व्यापाऱ्यांना भाड्यानं पोपट देणारा हाच पाखरवाला आहे, हे बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं. त्याला जाब मात्र कुणी विचारत नव्हतं.

"कावळा घेऊ या गं," कोष्टी हळूच म्हणाला.

"संध्याकाळी झाडाखाली तुम्ही बसणार का? नाही ना? मग गप्प राहा."

मैना घरी आली. कोष्टीणीनं तिला समोर बसवून शिकवलं. "'लगेच' म्हणेल त्याला हाकलायचं. 'उशीर करू नका' म्हणेल त्याला हाकलायचं. 'फक्त तुमच्यासाठी' म्हणेल त्याला चोच मारायची. आमच्या लेकीचा पोपट शेपूटतुटका आहे, तो आला की तेवढा आत घ्यायचा. कळलं?"

"कळलं," मैना म्हणाली. आणि तिला खरंच कळलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून खिडकी मोकळी. सकाळी पाखरवाल्याचा एक पोपट 'नवे पिंजरे आलेत' म्हणून जायचा, तेवढाच. घरात फक्त मागाची खटखट. कोष्टीणीनं कितीतरी दिवसांनी सरळ काठ विणला. शेजारणीला बोलावून तिनं ती शांतता दाखवली.

पण बाजाराचा एक दिवस गेला, दुसरा गेला, तरी लेकीचा पोपट येईना. आता ती शांतताच तिला मागावर बसू देईना. उठावं, खिडकीत जावं, डोंगराकडे बघावं, परत बसावं.

"निरोप नाही म्हणजे अजून वेळ आहे," कोष्टी म्हणायचा.

"पोटुशी पोर आहे ती. वेळ काय तुम्हाला विचारून येणार आहे?"

एका दुपारी मैना कठड्यावर पंख साफ करत बसली होती. करमत नव्हतं म्हणून ती हाकललेल्या पोपटांच्या नकला करू लागली. "टकलावर केस! हंडे, हंडे! रेशमी पागोटं!" कोष्टीणीला हसू आलं. तेवढ्यात मैनेनं आवाज बदलला.

"आये, लगेच न्यायला ये गं. उशीर नको करू. मी गाठोडं बांधून ओटीवर बसलेय."

कोष्टीणीच्या हातातून धोटा पडला. आवाज लेकीचा होता.

"हा निरोप कधी आला?"

"मागच्याच्या मागच्या बाजाराला."

"आणि तू हाकललास?"

"पोपट शेपूटतुटका नव्हता. म्हणाला, तुमच्या लेकीचा पोपट मेला, तिनं शेजारचा मागून आणला. असं सगळेच सांगतात. शिवाय 'लगेच' म्हणाला, 'उशीर नको' म्हणाला. तुम्हीच शिकवलंत."

कोष्टीण एकदम ओरडली, "आणि रोज सकाळी तो पाखरवाल्याचा पोपट 'नवे पिंजरे आलेत' म्हणत येतो, तो कसा आत येतो गं?"

"तो होय? तो धन्याचा आहे."

"तुझा धनी कोण? मी की तो?"

मैनेनं मान वाकडी करून तिच्याकडे पाहिलं. हा प्रश्न तिला कुणी शिकवला नव्हता.

दोघं तशीच निघाली, लाडवांचा डबा तेवढा घेतला. डोंगर ओलांडून पोचली तेव्हा घरातून तान्ह्या बाळाचं रडणं ऐकू आलं. लेक भिंतीकडे तोंड करून निजली होती. विहीणबाई दारातच म्हणाल्या, "आलात? आम्हाला वाटलं, हिला माहेरच नाही."

कोष्टीणीनं लेकीच्या केसांवरून हात फिरवला. लेक वळली नाही.

"गाठोडं मी कालपर्यंत सोडलं नव्हतं, आये," ती म्हणाली. "वेणा सुरू झाल्या तेव्हा त्यावरच डोकं टेकलं होतं."

बाळ गुटगुटीत होतं. लाडू गोड झाले होते. पण ज्या वेळी आईचा हात धरायचा, ती वेळ गेली होती. ती काही डब्यातून आणता येत नव्हती.

परत आल्यावर कोष्टीणीनं मैना पाखरवाल्याच्या अंगणात नेऊन सोडली आणि रोख मोजून कावळा आणला. आता रोज दिवस मावळायच्या आत ती मागच्या पेरूखाली उभी राहते. तेल, पागोटी, हंडे, सगळं ऐकते.

"अगं, सगळा कचराच आहे तो," कोष्टी म्हणतो.

"असेल. पण तो कचरा आहे हे मी ठरवीन."

तात्पर्य काढायचंच तर हे: दाराला राखण जरूर ठेवा, पण कुणाकुणाला परत धाडलं ते रोज विचारा, आणि राखण फुकट मिळत असेल, तर ती कुणाचं मीठ खाते ते आधी विचारा.