पहारेकरणीचं ढोलकं

फार जुन्या काळी वानरसेनेला बिबट्याची चाहूल देणारं ढोलकं हवं होतं. सेनापती सुतारपक्षी तुरेबाला म्हणाले, "पिढ्यान्‌पिढ्या टिकेल असं भव्य घडव. घाई नको!"

पण बिबट्या रोज घिरट्या घालत होता. तुरेबाला चैन पडेना. एक ओबडधोबड ढोलकं कोरून तो थेट पहारेकरीण वानरीकडे गेला. "वाजवून बघ, भिंगीताई."

"अरे, एका हातात फांदी, पोटाशी पिल्लू. दोन्ही हातांनी कसं वाजवू?"

दुपारपर्यंत त्यानं एका हातानं वाजणारं, गळ्यात अडकवायचं ढोलकं केलं. संध्याकाळी बिबट्या आला. भिंगीनं थाप मारली, आणि क्षणात सगळी वानरं शेंड्यावर!

"झालं की रे काम!" सेनापती खुशीत म्हणाले.

"कुठलं झालं?" तुरेबा भिंगीकडे वळला. "ताई, अजून काय खटकतंय?"

भिंगी हसली, "दोरी टोचते रे मानेला."