वायपरच्या मोटरीचं घर

माणसं अजून अवजारांचं ऐकत असत, त्या काळची गोष्ट. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरजेच्या कुंदाताई आईला डॉक्टरकडे न्यायला निघाल्या, तर भर पावसात गाडीचे वायपर हलेनात. त्यांनी घरातली अवजारांची पेटी आणली.

"मोटर जळली!" हातोडा म्हणाला. कालच्या पूजेत सगळ्यात ठसठशीत कुंकू त्यालाच लागलं होतं, त्यामुळे त्याचा आवाज चढाच होता. "दोन ठोके देतो."

"कुठे देणार? मोटर असते कुठे, ते सांग आधी," स्क्रू ड्रायव्हर म्हणाला.

"वायपर हलत नाहीत, म्हणजे वायपरमध्येच असणार!"

"कुंदाताई, चावी फिरवा, वायपरचं बटण दाबा आणि नीट ऐका," स्क्रू ड्रायव्हर म्हणाला.

कुंदाताईंनी ऐकलं. काचेखालच्या काळ्या जाळीतून घुंऽऽ असा दबका आवाज आला.

"अगंबाई, ही तर जिवंत आहे!" म्हणत त्यांनी गाडी बंद केली.

स्क्रू ड्रायव्हरने जाळी मोकळी केली. आत मोटर होती आणि तिच्या दांड्याला दोरा करकचून गुंडाळला होता. काल बॉनेटवर घातलेला झेंडूचा हार तुटून जाळीत घुसला होता. कुंदाताईंनी दोरा कापून पुन्हा चावी फिरवली, तसे वायपर सपासप फिरू लागले. हातोडा गुपचूप पेटीत जाऊन बसला.

"चुकलं गं बाई," कुंदाताई मोटरीला म्हणाल्या. "तुझी पूजा करायला गेले आणि तुलाच बांधून ठेवलं."

"पूजा दरवर्षीच करता," मोटर म्हणाली. "मी राहते कुठे, हे मात्र आज पहिल्यांदा पाहिलंत."