टोपाची टेकडी

माझं कोणी खरं धरत नाही. मागं कॉलेजच्या पोरी ही टेकडी बघायला आल्या होत्या, त्यांना सांगितलं तर एकमेकींकडे बघून हसल्या. मी चौथी शिकले, म्हणून काय मला डोळे नाहीत? माझ्या मुलीच्या इंग्रजीच्या पुस्तकात आहे: माणसानं मनातला राग बोलून मोकळा केला, की इंग्रजीत म्हणतात त्यानं वाफ सोडली. मुलगी नुसती घोकत बसली होती. वाफ कुठली, कशातून सुटली, तिला काही कळेना. कळणार कसं? वाफेची यंत्रं गेली, बोलणं तेवढं मागं राहिलं. मी तिला हाताला धरून इथं वर आणली आणि हा टोप दाखवला.

हा लोखंडी टोप बॉयलरचा. खाली ओढ्याकाठी कापसाची जीन, म्हणजे सरकी काढायचा कारखाना होता, असं माझ्या सासूबाई सांगायच्या. टोपावर ही झडप दिसते ना? आत वाफ फार झाली की ही आपोआप उचलली जायची आणि जादा वाफ फुसफुसत बाहेर जायची. सरपण वाया जातं म्हणून मुकादमाचा त्या फुसफुशीवर फार राग.

एके दिवशी धुरपता नावाच्या मजुरणीच्या ध्यानात आलं, की सकाळपासून झडप फुसफुसलीच नाही. तिनं मुकादमाला विचारलं, "ही आज गप्प का?"

"गप्प आहे ते बरंच आहे की. तूही शिक तिच्याकडून," म्हणाला, आणि तिला फाटकाबाहेर काढलं.

आत कापूस साफ करणाऱ्या बाया होत्या. धुरपतानं हाका मारल्या, "बाहेर या गं, हे फुटणार!" एक हलली नाही. दिवसाची मजुरी कोण सोडणार? मग म्हणे तिनं पदर खोचला आणि शिव्या सुरू केल्या. एकेकीचं नाव घेऊन. तिचा नवरा, तिचा बाप, तिच्या माहेरचं कूळ, जे बोलू नये ते सगळं. बाया चवताळून तिला झोडपायला धावल्या. शेवटची फाटकाबाहेर पडली आणि बॉयलर फुटला. भट्टीत सरपण घालणारा आगवाला जागीच गेला. टोप उडाला, तो इथं येऊन पडला.

आणि गावानं ठपका कोणावर ठेवला? धुरपतावर. हिच्या घाण तोंडामुळं झालं, असं मुकादमानंच उठवलं. तिला कामावर कोणी घेईना, पाणवठ्यावर उभी करीना. शेवटी ज्यांनी तिच्या शिव्या खाल्ल्या होत्या, त्याच बाया काट्याकुट्यातून वर आल्या आणि टोपाभोवतीचं गवत कापून बघितलं. झडपेचा दांडा तारेनं आवळलेला, आणि तारेला जीनच्या तराजूचं वजन. वजनांच्या खोलीची चावी एकट्या मुकादमाच्या कमरेला असायची.

आजही कापूस वेचायला लागण्याआधी गावच्या बाया इथं येतात. पुरुषाला वर यायची बंदी. सासू, नवरा, जाऊ, जिचं जे साचलं असेल ते टोपापुढे ओरडून बोलायचं. खाली गेल्यावर त्याचा जाब कोणी विचारायचा नाही. आणि उतरण्याआधी सगळ्याजणी मिळून त्या मुकादमाच्या नावानं बोंब मारतात. तुम्हीही मारा. आडकू ढोमणे!