आनंदीकाकूंची हळू गाडी

गडहिंग्लजच्या सर्जेरावांचं इलेक्ट्रिक स्कूटरचं शोरूम होतं. तिथं हळू धावणारी गाडी मागणं म्हणजे त्यांचा अपमानच! तातोबा आणि आनंदीकाकू या म्हाताऱ्या जोडप्यानं नेमकी तीच मागितली.

"काका, ती पोरींना क्लासला जायला ठीक!" सर्जेराव चारचौघांसमोर मोठ्यानं हसले. "ही लाल बघा, वाऱ्यासारखी पळते. बाजारातून निघालात की चहा निवायच्या आत घरी! हळू गाडीचं एक कारण सांगा, मी स्वतः हार घालून देतो."

काकूंनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"आवं मालक, आधी घरात सासू-सासरं, आता सुना-नातवंडं. चारचौघांत कधी ह्यांच्या शेजारी बसले न्हाई. गाडीवर मागं बसलं की तेवढा ह्यांच्या खांद्यावर हात ठेवता येतो, आन् कुणी काय म्हणत न्हाई. लवकर घरी पोचून तो हात काढू कशाला?"

तातोबांचे कान लाल झाले. सर्जेरावांनी मुकाट्यानं हळू गाडीला हार घातला.

दोघं निघाले. घर डावीकडं होतं. तातोबांनी गाडी उजवीकडं वळवली.