माळावरचा चार किलोमीटरचा दगड

पिंपळपेठेहून सावरखेडीला जाताना अर्ध्याच्या थोडे पुढे एक उघडा माळ लागतो. तिथे घर नाही, विहीर नाही. चार बाभळी, एक काळा कातळ आणि त्या कातळाला टेकून उभा असलेला, चुन्याने रंगवलेला मैलाचा दगड. दगडावर लिहिले आहे, 'पिंपळपेठ ४ कि.मी.' नीट चाचपले तर 'कि.मी.'च्या खाली छिन्नीने कोरलेला जुना शब्दही बोटांना लागतो, 'मैल'. सरकारी दगड रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला वेगळा आहे. मग हा दुसरा इथे कशाला, असे नवखा माणूस विचारतोच. त्याला उत्तर द्यायला धोंडीनाना कोळेकर बहुधा तिथेच मेंढ्या राखत बसलेले असतात.

"हात लावा, पण ढकलू नका," नाना म्हणतात. "लई लांबून आणलंय त्याला. आता कुठं खरं बोलायला लागलाय."

मैल जाऊन किलोमीटर आले तेव्हाची ही गोष्ट, असे सांगतात. त्या वेळी हा दगड सावरखेडीच्या वेशीवर उभा होता आणि त्यावर 'पिंपळपेठ ४ मैल' असे कोरलेले होते. एके दिवशी रंगारी आला. त्याने 'मैल' हा शब्द रंगाने बुजवला, वर 'कि.मी.' लिहिले आणि निघून गेला. चारचा आकडा तसाच राहिला. चूक रंगाऱ्याची, असे म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. रंगाऱ्याला जेवढे सांगितले तेवढे त्याने केले. आकडाही बदल, असे त्याला कोणी सांगितले नव्हते, आणि ज्यांनी सांगायला हवे होते ते त्या रस्त्याने कधी पायी गेले नव्हते.

गावाने पहिल्यांदा हसून घेतले. ब्रशाच्या एका फटक्यात पेठ जवळ आली, आता जेवून निघालो तरी चालेल, असे लोक म्हणत. पण त्याच वर्षी सावरखेडीने आठवडे बाजार मागितला होता. पिंपळपेठेचा बाजार सोडला तर पंचक्रोशीत दुसरा बाजार नव्हता. नियम असा होता म्हणे, की असलेल्या बाजारापासून पाच किलोमीटरच्या आत नवा बाजार भरवता येणार नाही. उत्तर आले ते रंगनाथ पाटलांनी चावडीवर वाचून दाखवले. अंतर चार किलोमीटर, सबब अर्ज नामंजूर.

चावडीच्या पायरीशी जमना साळुंखे उभी होती. जमना घिसाडी समाजातली. तिचा नवरा वारला होता आणि भाता, ऐरण, घण सगळे तीच चालवी. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडाची धाव चढवणारे त्या मुलखात तिच्याशिवाय कोणी नव्हते. उरलेल्या दिवसांत ती विळे, कुऱ्हाडी, तवे करायची आणि दर आठवड्याला ते लोखंड डोक्यावर घेऊन पेठेच्या बाजारी जायची. बाजार गावात यावा ही इच्छा सगळ्यांची होती. पण तिची मान दुखत होती.

"मास्तर, किलोमीटर म्हंजी किती?" तिने शाळेच्या मास्तरांना विचारले.

"हजार मीटर. मैलापेक्षा बराच लहान."

"मंग चार मैलाचं चार किलोमीटर कसं झालं?"

पाटील म्हणाले, "दगडावर लिहिलंय, जमना."

"शब्द पुसला म्हणून काय रस्ता पुसला का, पाटील?"

आणखी दोन अर्ज गेले. दोन्हींना एकच उत्तर आले, दगडावरील अंतर ग्राह्य धरण्यात येत आहे. दुसरे उत्तर वाचले गेले त्या दिवशी, असे सांगतात, जमनाने ऐरणीवर हात ठेवून शपथ घेतली. दगड खरा होईपर्यंत ती कुणाच्याच चाकावर धाव चढवणार नव्हती.

दिवस सुगीचे होते. महिन्याभरात गावातल्या गाड्या खिळखिळ्या झाल्या. पाटलांच्या गाडीची धाव निसटून ओढ्यात गेली. पाटील तणतणत आले, "अगं, मी तुझ्या बाजूचा ना?"

"तुम्ही माझ्या बाजूचं. पण तुमचं चाक कुणाच्या बाजूचं, त्ये मला काय ठावं?"

त्या सुमारास रस्त्यावर खडी टाकायचे काम सुरू झाले. खडीच्या बारा गाड्या होत्या. त्यातल्या सात धावेवाचून बसल्या, तेव्हा कर्णिक नावाचे ओव्हरसियर स्वतः जमनाच्या भट्टीपुढे येऊन उभे राहिले. हा माणूस कधी हसलेला कुणी पाहिला नव्हता, असे म्हणतात.

"बाई, सरकारी काम अडवतेस?"

"न्हाई साहेब. आधी दगड खरा करा, भाता तयारच हाय."

"दगड खोटा कशावरून?"

"तुम्ही मोजलाय?"

"त्याच्यावर लिहिलंय."

"लिव्हलंय त्ये मी रोज बघते. मोजलाय का, त्ये इचारते."

कर्णिकांनी मोजला नव्हता. ते चिडून म्हणाले, "मग तूच मोजून दाखव. पण हात आणि वीत मला चालणार नाही. मीटरमध्ये दाखव."

इथे धोंडीनाना थांबतात आणि ऐकणाऱ्यांकडे बघतात. मग सांगतात, की जमना तशीच उठून पेठेला गेली आणि झुंबरशेठ कापडवाल्याच्या दुकानात शिरली. त्याच्याकडे शिक्का मारलेला लोखंडी मीटर होता. शेठ म्हणाला, "मीटर देईन, पण हातातून सोडणार नाही. शिक्क्याचा आहे." मग मीटर हातात धरून शेठ दुकान बंद करून सावरखेडीला आला आणि दोन दिवस पाटलांकडे जेवला.

जमनाने चार मीटरच्या घेराचे चाक करायचे ठरवले. ते कुणाच्याच गाडीचे नव्हते, म्हणून शपथही मोडत नव्हती. पहिली धाव चार बोटे आखूड झाली, कारण सांध्यात एकावर एक जाणारे लोखंड ती हिशेबात धरायला विसरली. आयुष्यभर दोरीने माप घेणारा तिचा हात मीटरला नवा होता. तिने ती धाव तोडली आणि दुसरी घडवली. देवळापुढच्या फरशीवर शेठने चार वेळा मीटर ठेवून दोन रेघा मारल्या. चाक पहिल्या रेघेवरून सोडले आणि धावेवरची खूण बरोबर दुसऱ्या रेघेवर येऊन टेकली. मास्तर म्हणाले, "असे अडीचशे फेरे म्हणजे एक किलोमीटर."

"साडेबारा इसा," मायाप्पा म्हणाला. मायाप्पा म्हणजे नानांचे आजोबा. मेंढ्या विसाविसांनी मोजणारा माणूस. "एवढंच व्हय? माझा निम्मा कळप बी न्हाई."

त्या क्षणी सावरखेडीला किलोमीटर कळला, असे नाना सांगतात.

मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला सकाळी पेठेच्या पारापासून चाक निघाले. आसाला जमनाने लोखंडाची जीभ बसवली होती. दर फेऱ्याला 'टण्' वाजे. चाक पाटील ढकलत होते, मागे हलगी होती, शेठ मीटर खांद्यावर टाकून चालला होता. कर्णिक वहीत रेघा मारत होते आणि मायाप्पा लोकरीच्या दोरीला विसाला एक गाठ मारत होता. जमनाच्या डोक्यावर नेहमीचे गाठोडे होते. मोजायला कशाला ओझे, असे कुणी विचारले तेव्हा ती म्हणाली, "याच्याबिगर मला हा रस्ता ओळखायचा न्हाई."

मायाप्पाची पन्नासावी गाठ बसली आणि कर्णिकांच्या वहीत हजार फेरे झाले, ते या माळावर. जमनाने हात वर केला, चाक थांबले. तिने गाठोडे उतरवले, गोणपाट अंथरले आणि विळे मांडले.

"काय झालं?" कर्णिक म्हणाले.

"चार किलोमीटर झालं. सावरखेडी आली की साहेब!" तिने कातळाकडे बोट केले. "ही आमची चावडी. त्या बाभळी म्हंजी देऊळ. पाटील, घरी आलात, साहेबांना च्या सांगा."

पाटलांनी कातळावर टिचकी मारली. "अगं ए, दोन कप टाक!"

शेठ बाभळीला हात जोडून पाया पडला. मायाप्पाची एक शेळी पुढे आली, तर मास्तर म्हणाले, "या सरपंचबाई." सगळा माळ हसत सुटला. आणि मग, असे सांगतात, कर्णिक हसले. आधी नाकातून, मग पोट धरून, मग कातळावर बसून. त्या माळावर पूर्वी कसलाही चमत्कार घडल्याची नोंद नाही. हा एकच.

चाक पुढे निघाले. वेशीवरच्या दगडापाशी पोचले तेव्हा मायाप्पाच्या दोरीत ऐंशी गाठी होत्या आणि वर नऊ फेरे. कर्णिकांनी वहीत लिहिले, सहा पूर्णांक चार किलोमीटर.

"आन् वरलं नऊ फेरं?" जमनाने विचारले.

"ते सोडून दे. छत्तीसच मीटर तर आहेत."

"कसं सोडू? डोक्यावर लोखंड असलं की शेवटचं नऊच लांब असत्यात."

कर्णिकांनी तिच्याकडे पाहिले. मग वाकून ते गाठोडे स्वतःच्या डोक्यावर घेतले. चाक नऊ फेरे मागे नेले आणि साहेब तेवढे अंतर ओझ्यासकट चालले. वेशीत त्यांनी ते उतरवले, मान दोन्ही हातांनी धरली आणि वही उघडून पुढे लिहिले, 'व छत्तीस मीटर'.

संध्याकाळपर्यंत वेशीवरचा दगड लोकांनी उपटला. फोडून टाका, असे काही जण म्हणत होते. जमनाने फोडू दिला नाही. दगडाचा काय गुन्हा, तो चुकीच्या जागी उभा केला होता, एवढेच. गाडीत घालून त्याला या माळावर आणले आणि जिथे चार किलोमीटर खरे होतात तिथे पुरले. दुसऱ्या दिवशी तिने भट्टी पेटवली. पहिली धाव खडीच्या गाडीला चढली, दुसरी पाटलांच्या. बाजाराची मंजुरी पुढच्या पौर्णिमेच्या आत आली.

आजही मार्गशीर्षी पौर्णिमेला ते चाक पेठेच्या पारापासून निघते. माळावर दगडापाशी ते थांबते, म्होरक्या ओरडून विचारतो, "गाव आलं का?" आणि पोराबाळांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे ओरडतात, "न्हाई!" मग फुटाणे वाटतात आणि हलगी पुन्हा सुरू होते. ऐंशी विसा भरल्या की हलगी थांबते. वरच्या नऊ फेऱ्यांना त्या वर्षी गावात आलेल्या पाहुण्याच्या डोक्यावर जमनाचे गाठोडे देतात, आत तेच जुने विळे आणि तवे. मामलेदार असो, मंत्री असो, जावई असो. चाक मुद्दाम हळू ढकलतात. 'टण्' आणि 'टण्' यांच्यात पाहुण्याला पुरेसा वेळ मिळतो. नवव्या फेऱ्याला तो वेशीत पोचतो, गाठोडे उतरवतो आणि बाजार उघडतो.

"पौर्णिमेला या," धोंडीनाना निघताना सांगतात, आणि तुमची मान जरा निरखून बघतात.